मैना कुठे कुठे बसली

आमच्या कामात कुत्रं भुंकलं तर कुणी मान वर करूनही बघत नाही. कुत्रं गप बसलं की माणसं मागे सरकायला लागतात.

स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्याला भुंकायचं नाही, उकरायचं नाही, तोंड लावायचं नाही असंच शिकवलेलं असतं. ओळखीचा वास आला की त्याने तिथे बसायचं आणि आपल्या माणसाकडे बघायचं, एवढंच. उकरलं तर वस्तू हलेल, आणि ती हलू नये म्हणूनच तर आम्ही गेलेलो असतो. बसल्याबद्दल त्याला एक रबरी चेंडू मिळतो. लोकांना वाटतं ही कुत्री देशासाठी काम करतात. ती चेंडूसाठी काम करतात. मला यात काही कमीपणा वाटत नाही. आम्हीही पगारासाठीच करत होतो.

मी या कामात नांदेडला होतो, मधली काही वर्षं लातूरला, आणि या दोन जिल्ह्यांत जिथे बोलावतील तिथे. आता निवृत्त आहे. माझे वडील अहमदपूरच्या मोंढ्यात हमाल होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी कुणी चढलेली नव्हती, आणि दहावी झाल्यावर मी थेट पोलीस भरतीला जाऊन उभा राहिलो. ती राहिलेली पायरी आता चढतो आहे. मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतो. रविवारी अभ्यासकेंद्रात सगळे मला काका म्हणतात. शिकवणाऱ्या मॅडमही काकाच म्हणतात, त्या माझ्या मुलीपेक्षा लहान आहेत.

राज्यशास्त्राच्या पेपराला एक प्रश्न हमखास येतो म्हणतात. धर्माच्या नावाने होणारा दहशतवाद आणि त्यामागची प्रादेशिक राजकीय उद्दिष्टे स्पष्ट करा. मॅडम म्हणाल्या, "काका, पुस्तकात मुद्दे आहेतच, पण तुम्ही तर जवळून पाहिलंय. सांगा की."

मी उभा राहिलो. मुद्दे पाठ होते. एखाद्या भागावर आपलं राज्य यावं. तो भाग वेगळा तोडून मिळावा. दुसऱ्या धर्माच्या माणसांनी तिथून उठून जावं. भीतीने मतं इकडची तिकडे व्हावीत. म्हणजे वर धर्माचं नाव असतं आणि खाली जमिनीचा हिशेब असतो. हे मला पटलंही होतं. पण डोळ्यांसमोर एका तालुक्याच्या गावातली ट्रॅक्टरांची रांग आली आणि ती कोणत्या मुद्द्याखाली सांगावी ते समजेना. "पुढच्या रविवारी सांगतो" म्हणून मी खाली बसलो. मॅडम म्हणाल्या, बोलता येत नसेल तर लिहा. उत्तरपत्रिकेत हे चालणार नाही, म्हणून केंद्राच्या अंकाला देतो आहे. काही चुकलं तर सांभाळून घ्यावं.

कुत्र्यांकडे मी वळलो भूकंपामुळे. नोकरी नवी होती आणि आम्हाला औसा-उमरग्याच्या बाजूला बंदोबस्ताला नेलं होतं. बंदोबस्त कसला, दगड उचलायचे. घरं सगळी दगडमातीची, त्यांचे ढीग झालेले. गल्ली कुठली, ओसरी कुठली काही कळत नव्हतं. एका ढिगावर एक गावठी कुत्रं उभं होतं. घसा बसला होता तरी भुंकत होतं. कामात अडचण होते म्हणून आम्ही त्याला दगड मारले. ते खाली उतरायचं आणि पुन्हा तिथेच चढायचं. शेवटी एक म्हातारे बाबा म्हणाले, "दगुड नका मारू ओ. घर दाखवून राहिलंय ते."

आम्ही तिथे खणलं. जिवंत कुणी नव्हतं. पण होते सगळे तिथेच.

पुढे श्वान पथकासाठी नावं मागवली तेव्हा मी हात वर केला. का, असं विचारलं तर हे सांगता आलं नाही. "कुत्र्यांची आवड आहे" म्हणालो.

मैना माझ्याकडे आली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. काळी लॅब्रॅडॉर, कान जरा जास्तच मोठे, आणि चेंडू बघितला की शिस्त विसरणारी. ट्रेनिंगमध्ये सगळे हुकूम इंग्रजीत असतात. सर्च, सिट, स्टे. मैनेला इंग्रजी माझ्याआधी येत होतं. तिचा खुराक वेगळा, तिला मीठ-तिखट वर्ज्य, दर महिन्याला डॉक्टर. बायको म्हणायची, "मला ताप आला तर क्रोसिन, आन् तिला शिंक आली तर सरकारी गाडी. पुढच्या जन्मी मी तुमच्या पथकातच येणार हाय." मी म्हणायचो, ये, पण तिथे बोलायला परवानगी नसते.

एका कुत्र्यामागे दोन माणसं असतात. एक मुख्य, त्याच्या हातात दोर. दुसरा मदतीला, त्याने आजूबाजूला नजर ठेवायची, पाणी बघायचं, कुत्रं दमलं का ते बघायचं. काम करताना कुत्रं लवकर दमतं, कारण वास घेणं हे धावण्यापेक्षा कष्टाचं आहे. माझ्याबरोबर नजीर होता. जुन्या नांदेडातलं घर, वडिलांचा गाद्या भरायचा धंदा. नजीर अर्धं मराठी, अर्धं दख्खनी बोलायचा आणि दोन्ही भाषांत थट्टाच करायचा. कुत्र्याची लाळ अंगाला लागली तर त्या कपड्यात नमाज चालत नाही, म्हणून त्याच्या अम्मीने दारातच एक खुंटी ठोकून ठेवली होती. वर्दी तिथे काढायची, बाहेरच्या नळावर हातपाय धुवायचे, मग आत. माझ्या आईचंही वेगळं नव्हतं. एकादशीला ती मला ओसरीच्या आत घेत नसे. नजीर म्हणायचा, "देख गंगाधर, मैना के वास्ते तेरा भी धरम बाहर, मेरा भी धरम बाहर."

बॉम्ब, बॉम्ब म्हणून आम्हाला जे बोलावणं यायचं, त्यातलं बहुतेक खोटं निघायचं. खोटं म्हणजे कुणी मुद्दाम केलेलं नव्हे, विसरलेलं. लातूरला क्लासेस वाढले तशा बेवारस बॅगा वाढल्या. खेड्यापाड्यांतून पोरं यायची, एका खांद्यावर कपडे, एका खांद्यावर पुस्तकं, हातात घरचं बोचकं. यातलं एक काहीतरी एसटी स्टँडवर राहायचंच. एकदा एका बॅगेतून टिकटिक ऐकू येते असा फोन आला. स्टँड रिकामा केला. ड्रायव्हर-कंडक्टर रस्त्याच्या पलीकडे उभे. मैना बॅगेभोवती दोनदा फिरली आणि माझ्याकडे "इथे माझं काही नाही" अशा नजरेने बघून पुढे निघाली. तरी नियमाप्रमाणे सगळं करत होतो, तेवढ्यात किनवटकडची एक बाई गर्दी फोडून आत आली.

"ओ साहेब, माझ्या लेकराचं घड्याळ हाय ते! गजराचं! चारला उठावं लागतंय त्याला!"

आमचे अधिकारी म्हणाले, "बाई, मागे व्हा, बॉम्ब असू शकतो."

"बॉम्ब कशाला ठेवील वो? बारावी हाय त्याची!"

बॅगेत घड्याळ होतं, फिजिक्सच्या नोट्स होत्या आणि बरणीभर लसणाची चटणी होती. बाईने त्यातली आम्हालाही दिली. असे दिवस मला अजून आठवतात. सगळेच दिवस तसे नव्हते. दूर कुठल्या मोठ्या शहरात स्फोट झाला की इथे खोल्या भाड्याने देणारे आम्हाला विचारायचे, "साहेब, कुणाला ठेवावं, कुणाला नको?" म्हणजे त्यांनी आधीच ठरवलेलं असायचं. वर्दीतल्या माणसाने मान हलवावी, एवढीच अपेक्षा. मी म्हणायचो, ज्याची बारावी आहे त्याला ठेवा. ते हसायचे. मी गमतीने बोललो नव्हतो.

आता ते गाव. नाव लिहीत नाही, आणि जिल्हाही नको. आठवडी बाजाराचा दिवस होता. बांगडीवालीच्या गाड्याखाली एक स्टीलचा डबा सापडला. मैना डब्यापासून थोडं अलीकडेच बसली. तिची मान ताठ होती आणि नजर माझ्यावर. माझ्या सगळ्या नोकरीत खरे डबे फार थोडे निघाले. हा त्यांतला होता.

बाजार हलवला. आमच्या तंत्रज्ञाने तो डबा सावकाश गावाबाहेरच्या मोकळ्या शेतात नेला आणि तिथे वाळूच्या पोत्यांमध्ये फोडून निकामी केला. आवाज देवळापर्यंत गेला, मशिदीपर्यंतही गेला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मी आणि नजीर एका लिंबाखाली बसलो आणि मैनेला पाणी पाजलं. मला वाटलं, झालं काम.

काम तिथून सुरू झालं. दुपारपर्यंत गावात एक वाक्य फिरलं. तसलाच डबा इलियासच्या दुकानात दिसला होता.

इलियासचं कंप्रेसर दुरुस्तीचं दुकान बाजाराच्या कडेला, मुसलमान गल्लीच्या तोंडाशीच होतं. पुढे दुकान, मागे घर. घरात म्हातारे वडील, बायको, दोन लहान मुली. तसा स्टीलचा डबा गावात कुणाच्या घरात नव्हता ते सांगा, पण असं त्या वेळी कुणी विचारत नाही. रस्त्याच्या अलीकडे माणसं जमायला लागली. रिकाम्या हाताची माणसं आधी आली, मग काठीवाली. सर्वांत पुढे व्यंकटराव म्हणून एक विहिरींचे ठेकेदार होते. आवाज मोठा, माणूस तसा वाईट नव्हे. "कुत्रं न्या दुकानात!" ते ओरडत होते. "कुत्रं खोटं बोलत न्हाई! बसलं तर कळंल!"

आमच्याबरोबरचे साहेब बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले, रात्रीचे जागे. ते मला म्हणाले, "फिरवा दुकानात. लोकांना काहीतरी उत्तर पाहिजे."

मी नजीरकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. आम्हा दोघांना उत्तर माहीत होतं. मैना तिथे बसणार होती.

याचं कारण सांगतो. आमच्या भागात दोन-चार हात खाली गेलं की काळा पाषाण लागतो. विहीर खणायची तर सुरुंग लावावा लागतो. त्यासाठी ट्रॅक्टर असतात. त्यांच्यावर कंप्रेसर, लांब रबरी नळ्या, खडकाला भोकं पाडायचं यंत्र. त्या भोकांत तोटे भरतात, म्हणजे स्फोटकाच्या कांड्या. परवान्याचं, रोजचं काम आहे ते. पण तोटे हाताळलेल्या हातांचा वास नळ्यांना लागतो, पेटीला लागतो, सीटला लागतो. हायवेवर असा ट्रॅक्टर जवळून गेला तरी मैना बसायची. तिची चूक नसायची, म्हणून चेंडू द्यावा लागायचा. आणि इलियासच्या दुकानात तर पंचक्रोशीतल्या ट्रॅक्टरांच्या नळ्या दुरुस्तीला येऊन पडलेल्या. कुत्रं वास सांगतं. तो कुणाचा, कशासाठी, ते त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

मी साहेबांना बाजूला नेऊन हे सगळं सांगितलं. ते ऐकून घेणारे होते. म्हणाले, "मला पटतंय. पण त्यांना कोण पटवणार? तुम्ही?"

त्यांनी एकदा गर्दीकडे बघितलं.

"कुत्रं न फिरवता गेलो तर म्हणतील, दाबलं. फिरवलं आणि बसलं तर..." गल्लीच्या तोंडाशी बायका पोरांना आत ओढत होत्या. इलियास दुकानाच्या भिंतीला टेकून उभा होता. त्याचे वडील शटरचा दांडा धरून होते, जणू तो दांडा सोडला की दुकान जाईल. मला वाटलं, आता या सगळ्यांचं काय व्हायचं ते माझ्या कुत्रीच्या बुडावर आहे. असा विचार हसण्यासारखा आहे, पण त्या वेळी हसू आलं नाही.

नजीर मैनेचा पट्टा नीट करायच्या निमित्ताने खाली वाकला. खालच्या खाली म्हणाला, "गंगाधर, ट्रायल ले."

"काय?"

"पहले ट्रायल लेते ना अपन. आज नाक चलता क्या नई, वो देखने कू. वो ट्रॅक्टरां उभे हैं ना, उनके पे ले. सबके सामने."

बाजाराच्या दिवशी विहिरीचे ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला रांगेत उभे असतात. ज्याला विहीर पाडायची त्याने तिथे येऊन ठरवायचं. गर्दीतल्या बऱ्याच जणांचे, किंवा त्यांच्या भावकीतले ट्रॅक्टर होते ते. आणि काम सुरू करण्याआधी चाचणी घ्यायची ही आमची रीत खरीच आहे. एका छोट्या डबीत नमुना असतो, तो मदतनीस कुठेतरी लपवतो, कुत्रं तो शोधतं, म्हणजे आज त्याचं नाक बरोबर आहे असं समजायचं. सकाळची चाचणी झाली होती, पण दुपारी पुन्हा घेऊ नये असं काही नव्हतं. डबी गाडीत होती. ती गाडीतच राहिली तरी चालणार होतं.

मी म्हणालो, "तूच सांग ना साहेबांना. तुझं डोकं आहे."

"मैं बोलूँ?" त्याने छातीवरच्या नावाच्या पट्टीवर बोट ठेवलं. "मेरे मुँह से निकली तो ट्रायल नई रहती वो. बचाव हो जाती. तू बोल."

मी जाऊन बोललो. साहेबांनी एकदा माझ्याकडे, एकदा रांगेकडे बघितलं. त्यांना कळलं. मोठ्या आवाजात म्हणाले, "घ्या चाचणी. सगळ्यांच्या समोर घ्या. कुत्रं बरोबर काम करतं का ते लोकांना दिसू द्या."

दोर सैल ठेवायचा हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. हॅन्डलरच्या मनात एखादी जागा भरली की पाय तिथे रेंगाळतात, दोर ताणतो, आणि कुत्रं आपल्याला खूश करायला बसतं. म्हणून मी ट्रॅक्टरांकडे बघितलंच नाही. सरळ चालत राहिलो. पहिल्या ट्रॅक्टरपाशी दोर थांबला. मैना बसली होती.

गर्दी मागे सरली. ट्रॅक्टरवरून ड्रायव्हरने उडीच मारली. "अरं माझ्यात काय न्हाई! आईची आन हाय! काय न्हाई माझ्यात!"

मी चेंडू दिला. पुढे गेलो. दुसऱ्यापाशी बसली. तिसऱ्यापाशी बसली. आता माणसं मागे सरायच्या ऐवजी एकमेकांकडे बघायला लागली. मग एक निळा ट्रॅक्टर आला, त्यावर व्यंकटरावांचं नाव लाल रंगात. मैना त्याच्या मोठ्या चाकाशी गेली, शेपटी एकदा हलवली, आणि बसली. माझ्याकडे बघितलं, आज हा माणूस किती चेंडू देणार आहे अशा नजरेने.

"ओ हवालदार!" व्यंकटराव ओरडले. "कुत्रं बिघडलं का काय तुमचं?"

"कुत्रं बरोबर आहे, व्यंकटराव," मी म्हणालो. माझा आवाज मलाच बारीक वाटला. "तोट्यांचा वास आहे. तुमच्या विहिरींचा."

मग मेथीच्या जुड्या घेऊन बसलेली एक म्हातारी, जी बाजार हलवला तरी जागची हलली नव्हती, म्हणाली, "व्यंकट्या, मग आता आधी तुझंच घर पेटवायचं का रं?"

पहिल्यांदा एकच माणूस हसला. मग चारजण. मग व्यंकटरावसुद्धा. दहशत किती पटकन गोळा होते ते मी बघितलं होतं, ती किती पटकन विरते ते त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. त्यानंतर आम्ही इलियासच्या दुकानात गेलो. नळ्यांच्या ढिगापाशी मैना बसली, आणि कुणी पळालं नाही. आम्ही हातानेही सगळं तपासलं. नळ्या, पाने, ग्रीसचे डबे. आणखी काही नव्हतं. संध्याकाळपर्यंत लोक भाजी घेऊन घरी गेले. इलियासच्या वडिलांनी मैनेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग तो हात धुवायला आत गेले. नजीर म्हणाला, "देखा? इधर भी खुंटी रहेंगी."

पेपरात माझा फोटो आला, हुशार हवालदार म्हणून. मी साहेबांना सांगितलं की कल्पना नजीरची होती. ते म्हणाले, "मला तेव्हाच कळलं होतं. पण राहू द्या, त्याच्यासाठीच राहू द्या." नजीरही तेच म्हणाला, "फोटू तेरा अच्छा आता." आता तो निवृत्त आहे, गुडघे गेले आहेत. हे लिहू का म्हणून फोन केला तर म्हणाला, "लिख दे. अब मेरेकू कौन पूछता."

डबा ठेवणारे पुढे सापडले. गावातले कुणी नव्हते, लांबचे होते. त्यांचा धर्म कोणता ते मी लिहीत नाही. वाचणाऱ्याने मनात एक धरलाच असेल. माझ्या नोकरीत मी दोन्ही नावांनी ठेवलेले डबे पाहिले, आणि आतला वास सारखाच होता. त्या लोकांना काय हवं होतं ते चौकशीत थोडंफार बाहेर आलं. माणसं मारणं ही त्यातली लहान गोष्ट होती. मिसळलेला बाजार मोडावा, लोकांनी आपापल्या गल्लीत जाऊन बसावं, आणि मग आपल्या गल्लीला राखणारे म्हणून या लोकांकडे यावं, तो सगळा पट्टा यांचा व्हावा, असा हिशेब होता. मी तेव्हा समाधानाने म्हणालो होतो, डबा शेतात फुटला, त्यांचा हिशेब बुडाला.

काही वर्षांनी नांदेडला एका गॅरेजात माझ्या स्कूटरचं काम होतं. खाली वाकून पाना फिरवणारा माणूस वर बघून म्हणाला, "साहेब, वळखलं का?" इलियास होता. दुसऱ्याच्या गॅरेजात कामाला.

मी विचारलं, "तिकडे कुणी त्रास दिला का रे?"

"न्हाई ओ. कुणी कायबी म्हणलं न्हाई." त्याने हात फडक्याला पुसले. "म्हणले असते तर बरं झालं असतं, काहीतरी उत्तर दिलं असतं मी. नुसते यायचे बंद झाले. ट्रॅक्टर दुसऱ्या गावाला दुरुस्तीला नेऊ लागले. व्यंकटराव लई दिवस येत होते बघा. मग त्यांनाबी लोक विचारायला लागले, कामून जाता म्हणून."

"पण सगळ्यांनी बघितलं होतं ना. मैना सगळीकडे बसली होती."

"हाव. बघितलं होतं की." त्याने फडकं खांद्यावर टाकलं. "अब्बा गेल्यावर घर विकलं. आमच्या मागून गल्लीतले अजून निघाले. बाजारबी आता दोन भरतेत म्हणे. एक इकडं, एक तिकडं."

मैना कशी आहे ते त्याने विचारलं. मैना तोवर गेली होती. मी तसं सांगितलं. त्याने पैसे घेतले नाहीत म्हणून मी तिथल्या स्टुलावर ठेवून आलो.

मॅडम, तुमच्या पुस्तकातला तिसरा मुद्दा, माणसांनी उठून जाण्याचा, हाच असावा असं मला वाटतं. पण पुस्तकात तो मुद्दा स्फोटानंतरचा म्हणून दिला आहे. इथे बाजारात स्फोट झालाच नव्हता. तो आम्ही होऊ दिला नव्हता. हे उत्तरात कसं लिहायचं?

गेल्या उन्हाळ्यात लातूरला मुलीकडे जाताना एसटी त्या गावात चहाला थांबली. रस्त्याच्या कडेला आता ट्रॅक्टर उभे नसतात. बोअरवेलच्या गाड्या आल्यापासून विहिरी कोण पाडतं. मी एका टपरीवर बसलो. चहावाला तिशीतला, बोलका. बसमधल्या एका प्रवाशाला तो पलीकडचं गंजलेलं शटर दाखवत होता.

"ते बंद दुकान दिसून राहिलंय ना? बॉम्बवाल्याचं होतं. पोलिसाचं कुत्रं बसलं होतं तिथं."

मी चहा खाली ठेवला. म्हणालो, "कुत्रं सगळ्या ट्रॅक्टरांपाशीही बसलं होतं."

"कोणत्या ट्रॅक्टरांपाशी?"

"इथे रांगेत उभे असायचे ते. व्यंकटरावांच्याही."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मी होतो. दोर माझ्या हातात होता."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. फडक्याने बाकडं पुन्हा पुसलं आणि न मागता माझा अर्धा कप भरला. "असं व्हय. बसा की साहेब. आमचा बाप लई सांगायचा तुमच्या कुत्र्याचं." खरंच आदराने बोलत होता. मग जरा विचार करून म्हणाला, "पण एक इचारू का? खरं सांगा हं. दुकानात बसलं होतं का न्हाई?"

"बसलं होतं," मी म्हणालो.

"मग," तो म्हणाला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचा चहा गाळायला वळला.